रेनीटाची शिफारस

मेकन, सोमवार

प्रिय रेनीटा,

चार गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बाईने टपालाने पत्र पाठवलेलं पाहून तू आधी हसशील, मग काळजीत पडशील. तब्येत ठीक आहे माझी. फक्त शनिवारपासून जिवाला स्वस्थता नाही. आज सकाळी ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या कण्या, शिजत ठेवल्या आणि ओसरीत येरझाऱ्या घालत राहिले. भांड्याचा कोळसा झाला. काल चर्चमध्ये पाद्री कशावर बोलले, ते विचारू नकोस. दोनदा तुझ्या दारापर्यंत आले, तुझी व्हॅन उभी दिसली आणि तशीच माघारी फिरले.

गेल्या मंगळवारी आपण म्हाताऱ्यांना व्हॅनने मुदतपूर्व मतदानाला नेलं, तो दिवस डोक्यातून जात नाही. मिस्टर टॉलिव्हर ओळखपत्र घरीच विसरून आले, तेव्हा मी हातातल्या यादीवरून नजर न काढता म्हटलं, "आता उद्या बघू." तू म्हणालीस, "उद्या कसलं? उद्या त्यांचं डायलिसिस आहे." आणि म्हाताऱ्याला पुन्हा व्हॅनमध्ये बसवून अकरा मैल मागे गेलीस, अकरा मैल परत आलीस. मत देऊन बाहेर आल्यावर ते तुला म्हणाले, "तुमच्या भगिनीमंडळाच्या बायका म्हणजे देवमाणसं आहेत बरं का." मी मंडळाचं केशरी जाकीट घालून शेजारीच उभी. तू साध्या स्वेटरमध्ये. तू आता काय बोलतेस म्हणून मी तुझ्याकडे पाहत राहिले. तू नुसतं म्हणालीस, "हो, चांगल्या आहेत," आणि त्यांच्यासाठी व्हॅनचं दार उघडलंस.

मंडळात नसूनही तीस वर्षं तू अशी आमच्या कामाला येतेस. शाळेची बस चालवून दमलेली असतेस, तरी शनिवारी चर्चच्या तळघरात रक्तदाब तपासायच्या रांगेत म्हाताऱ्यांना खुर्च्या देतेस, मुलांना गोष्टी वाचून दाखवतेस. मग फोटोची वेळ होते, मंडळाच्या बायका जाकिटं सारख्या करून उभ्या राहतात, आणि कॅमेरा तुझ्या हातात असतो.

या शनिवारच्या बैठकीत मिस डोरोथियांनी काठी आपटली. एक्याण्णव वर्षांची बाई, पण आवाज ऐकायला हवा होतास. "त्या मुलीने अठ्ठावन्नाव्या वर्षी रात्रशाळा करून पदवी घेतली. पदवी नाही म्हणूनच अडलं होतं ना? आता कसली वाट बघताय? तिला आत घेणार आहात, की एकदम तिच्या शवपेटीवर फुलं पाठवणार आहात?" सगळ्या हसल्या, आणि मग झाडून सगळ्यांचे हात वर झाले. माझाही. शिफारस कुणी लिहायची, हा प्रश्नच आला नाही. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. जोसेलिन तिची लहानपणापासूनची मैत्रीण, म्हणाल्या.

लहानपणापासूनची, हे तरी आता त्यांना माहीत आहे. कॉलेजात असताना माहीत नव्हतं. फोर्ट व्हॅलीच्या त्या पॅकिंगच्या शेडमध्ये तुझी आई आणि माझी आई समोरासमोर उभ्या राहून पीच निवडायच्या, आणि संध्याकाळी आपण दोघी त्यांच्या हातांना ओला टॉवेल लावायचो, पीचच्या लवेची खाज जायला. तू मला पुडिंग म्हणायचीस, सगळी गल्लीच म्हणायची. सवानाला कॉलेजात गेले आणि मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, की मी अटलांटाची, वडिलांचं औषधांचं दुकान होतं. याच मंडळाच्या कॉलेजातल्या शाखेत मी शिरले, तिथे त्या वर्षी सगळ्या डॉक्टरांच्या आणि मुख्याध्यापकांच्या मुली. मला वाटलं, शेडमधल्या बाईची मुलगी त्यांना चालणार नाही. त्यांना कदाचित चाललीही असती. मी विचारूनच पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी तू त्याच कॉलेजात आलीस. चारचौघांत मला पुडिंग म्हणाली नाहीस. माझं दुकानाचं सोंग तुझ्या कानावर आलं, तेव्हा फक्त एकदा भुवई वर केलीस. माझ्या आईच्या अंत्यविधीलासुद्धा मंडळाच्या बायकांनी तुला विचारलं होतं, तुमची ओळख कुठली? "शेजारीण होते," म्हणालीस, आणि त्यांना कोंबडी वाढायला लागलीस. पुढे कधीतरी मीच सगळ्यांना खरं सांगितलं, आणि कुणाला काही वाटलंही नाही. तोवर फार उशीर झाला होता. कशाला, ते आता लिहिते.

ब्याऐंशीच्या वसंतात तू मंडळासाठी अर्ज केलास. बैठकीत तुझं नाव निघालं, तेव्हा सगळ्या तुझ्या बाजूने होत्या. मला एवढंच दिसत होतं, की तू आत आलीस की एक दिवस चुकून तुझ्या तोंडून पुडिंग निघेल. मी म्हणाले, "तिच्याबद्दल काहीबाही कानावर आलंय. जास्त विचारू नका." कुणी विचारलंच नाही. रेनीटा, कानावर काहीही आलेलं नव्हतं. नकाराचं पाकीट घेऊन तू माझ्याच खोलीवर आलीस, माझ्या पलंगावर बसून रडलीस आणि विचारलंस, "मी कुठे कमी पडले गं?" मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मतं गुप्त असतात, मला कसं कळणार?" त्या उन्हाळ्यात तू कॉलेज सोडलंस. तुझी आई आजारी होती म्हणून, असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आले.

गुरुवारी तुला मंडळाचं निमंत्रण मिळेल. त्यावर शिफारस म्हणून माझी सही असणार होती. काल दुपारी मिस डोरोथियांकडे जाऊन मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला सांगून तू मोकळी होणार नाहीस. तिला सांग. आणि ती 'हो' म्हणायच्या आधी सांग." सही आता त्यांची आहे. येत्या शनिवारी मी बैठकीत उभी राहून हेच सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू आलीस तरी, नाही आलीस तरी. त्यांना हो म्हण आणि मला दारात उभी करू नकोस, तेही चालेल. मी फोन केला नाही, समोर आले नाही, कारण माझा रडका चेहरा पाहिला असतास तर तू लगेच म्हणाली असतीस, "जाऊ दे गं." तुला ती सवय आहे. या खेपेला घाई करू नकोस. हवा तेवढा वेळ माझ्यावर रागाव.

अजून तरी तुझीच,
जोसेलिन