ठुशीचे मणी आणि आक्काचा गळा

आजरा,
ता. २० जानेवारी १९७४

चि. सौ. झुंबर हिस,
आक्काचे आशीर्वाद. वि. वि. आशीर्वाद देताना हात आखडतो आहे, पण थोरलीला रीत सोडता येत नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईची ठुशी काढली. दोघी बहिणींत एकच ठुशी, जिच्या घरी कार्य तिनं घालायची, असं सांगून आई गेली. म्हणून वैशाखात तुझ्या मंगलच्या लग्नाला मी ती विश्वासानं दिली. परवा बांधायला गेले तर मागं चार बोटं नुसता दोरा! पूर्वी मानेवर मणी मण्याला टेकायचे. झुंबर, मणी कुठं गेले?

या रागानं माझी दशा झाली आहे. दोन माणसांचं जेवते, तरी चोळ्या ढिल्या होताहेत. ऐन थंडीत घाम फुटतो, छाती धडधडते, हात कापतो. अक्षर बघच. मी डोळे न वटारताच वटारलेले दिसतात, असं हे म्हणतात. मणी परत येईपर्यंत तुझ्या दाराची पायरी चढणार नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते मण्यांवर.
तुझी आक्का


मंगळवार पेठ, कोल्हापूर,
ता. २६ जानेवारी १९७४

ती. सौ. आक्कास,
झुंबरचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग भांडी आपटली. मी एक मणी जरी काढला असेल तर अंबाबाई बघून घेईल! एवढं लिहून पत्र पोस्टात टाकणार, तोच धाकटी विमल सुट्टीवर आली. ती मिरजेला नर्सिंग शिकते, तुला ठाऊकच आहे. तिनं तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, मावशी रागानं आजारी न्हाय, आजारानं रागावलीया.

तिच्या म्हणण्यानं गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिचा रस रक्तात मिसळतो आणि अंगातला जाळ किती ठेवायचा ते ठरवतो. तुझी ग्रंथी फुगून जास्त रस सोडत असणार, म्हणजे चुलीत कुणीतरी सारखं लाकूड सारतंय. म्हणून ती भूक, तो घाम, ती धडधड. मणी गेले नाहीत आक्का, गळा वाढला. आरशासमोर मान वर करून पाण्याचा घोट घे. घोटाबरोबर गाठ वर-खाली झाली तर पहिल्या एस.टी.नं इकडं ये.

भांडण नंतर करू. पायरी चढायची नसेल तर मी उचलून आत घेईन. आता तशी हलकी झाली आहेसच.

दाजींना नमस्कार. घाबरलेली,
झुंबर


आजरा,
ता. १ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. झुंबर हिस, आशीर्वाद.

घोट घेतला. गाठ हलली. खात्री व्हावी म्हणून सबंध तांब्या संपवला. हे, जाऊबाई आणि दूध घालायला आलेला केरबा ओळीनं बघत होते, आणि मी गिळलं की तेही गिळत होते. सोमवारी येते. पण मणी मोजलेले नाहीत, तेव्हा तुला अजून माफी नाही.

आक्का


आजरा,
ता. २० नोव्हेंबर १९७४

चि. सौ. झुंबर हिस,
अनेक आशीर्वाद. या वेळी हात न आखडता.

डॉक्टरांच्या गोळ्या अजून चालू आहेत, पण घाम गेला, झोप आली, चोळ्या बसू लागल्या. तुझ्याकडं होते तेव्हा विमलनं सगळ्या ग्रंथी शिकवल्या. डोक्यात वाटाण्याएवढी एक असते, ती बाकीच्यांवर हुकूम सोडते. मूत्रपिंडांवर दोन बसतात, त्या भ्यालेल्या माणसाला पळायचं बळ देतात. हे मी आळीत सांगितलं आणि पस्तावले. आता कुणीही भांडलं की ग्रंथीवर ढकलतात. यांनी तर कहर केला. मी आवाज चढवला की न बोलता गोळीची बाटली पुढं करतात.

पाडव्याला ठुशी घातली. मानेवर मणी मण्याला टेकले. आरशासमोर बसून मी खूप रडले, झुंबर.

विमलला एक विचार. घाम ग्रंथीचा, धडधड ग्रंथीची, चिडचिडही तिचीच. पण धाकट्या बहिणीवर चोरीचा आळ घ्यायला कुठली ग्रंथी लावते? पुस्तकात नसली, तर ते माझंच.

ठुशी यांच्याबरोबर पाठवते. यापुढं तुझ्याकडंच राहू दे. पुढच्या कार्याला मी मागून नेईन. परत आणली की मणी कमी आहेत म्हणून तू माझ्याशी दणकून भांड. म्हणजे फिट्टंफाट.

तोवर माया कमी करू नकोस.
तुझीच,
आक्का