घरगाडीत दूध उतू गेलं

तात्या, काल आपल्या सणसरच्या अंगणात मी नवी बॅटरी तपासली. तुम्ही असता तर मला हातसुद्धा लावू दिला नसता. "सर बाजूला, कापडं जळतील," म्हणून खेकसला असता. पण हिच्यात ना ऍसिड, ना पाणी. वर झाकणंच नाहीत, आणि वजन तुमच्या बॅटऱ्यांच्या निम्मंही नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली, तेवढ्यात बॅटरीचं रूपच पालटलं बघा. ती बसवलीय एका घरगाडीत. घरगाडी म्हणजे चाकांवरची खोली हो, जीपमागं जोडून ओढायची. आत झोपायला बाक, हातभर ओटा, खिडक्यांना जाळ्या. बारामतीच्या एका डॉक्टरांनी हौसेनं बनवून घेतली नि दोनदा फिरवून कंटाळले, तेव्हा तुमच्या जावयांनी ती इकडं आणली.

हे सगळं आईसाठी. कसं सांगू तुम्हाला, तुमची बायको आता नाकात नळी घालून बसते. फुप्फुसं दमलीत तिची. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असतं, आणि ते विजेवर चालतं, म्हणून दोन वर्षं ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. पण तोंड तसंच आहे हं, त्याला काही झालेलं नाही. एके दिवशी भाकरी पुढ्यात सारून म्हणाली, "मला नरसिंगपूरला मुक्काम करायचाय. संगमावर उजाडताना बघायचंय. तुज्या बापानं न्हेलं न्हाय, तू ने." आणि मी नेईन म्हणेपर्यंत घास घेतला नाही.

आता तुम्ही नेलं नाही हे खरंच आहे की, तात्या! दर वैशाखात ती पिशवी भरायची आणि दर वैशाखात लग्नसराई आडवी यायची. स्टँडमागचं तुमचं ते बॅटरी चार्जिंगचं दुकान; वरातीच्या दिव्यांना बॅटरी, लाऊडस्पीकरला बॅटरी, आणि तुमचं ठरलेलं, "औंदा न्हाय जमत, फुडच्या साली नक्की." तिथं कुलदैवताला गेलो तेही सकाळी जाऊन सांजच्याला परत, मुक्काम कधीच नाही. आई तुमच्या शर्टाला ऍसिडनं पडलेली भोकं शिवत बसायची नि म्हणायची, "ह्या मानसाचं बॅटरीसंगंच लगीन लावायला पायजे हुतं." तुम्ही नुसते हसायचात. मला चीड यायची त्या हसण्याची, आणि आता तेच हसणं सगळ्यात जास्त आठवतं. एक दुपार तर डोळ्यांसमोरून हलत नाही. मी डबा घेऊन आलेय. तुम्ही नव्या बॅटरीला ट्रकचा जुना हेडलाईट जोडून बसलाय, गिऱ्हाईक घाई करतंय. "मीटरचा काटा काय, बरुबरच दाखवतुय. वझं दिल्याबिगर कळत न्हाय," तुम्ही त्याला सांगताय. मग माझ्याकडं वळून म्हणताय, "बस हितं. दिवा बारीक झाला की हाक मार मला." घरात तोवर कुणी मला एवढं महत्त्वाचं काम दिलं नव्हतं. मी पापणी न लववता बसले होते. त्या दुपारी मला तुमचा फार लळा लागला, तात्या. हे कधी बोलले नाही.

काल तसंच केलं. जेवणापासून दिवेलागणीपर्यंत मशीन नुसत्या बॅटरीवर चालवायचं. तेवढं चाललं की वाटेत किंवा तिथं लाईट गेली तरी घोर नाही. मी म्हणत होते, आधी रिकामं मशीन लावून बघू. पण आई कसली ऐकते! "मशीनला कुटं दम लागतुय? मला लागतुय. मीच बसनार." जावयांनी तिला उचलून आत बाकावर बसवलं, शेजारी भरलेला सिलिंडर ठेवला. दोन वर्षांनी अंगणातलं ऊन अंगावर आलं तिच्या. जाळीतून लिंबाकडं बघत राहिली, आणि मला गाडीच्या मागं जाऊन डोळे पुसावे लागले.

मग बघायला अख्खी आळी लोटली. त्यात शेजारची काकी, जिला तुम्ही आकाशवाणी म्हणायचात. मी जावयांशी बाहेर बोलतेय तोवर ती आत शिरली, ओटा बघितला आणि गालावर हात मारून म्हणाली, "अगं बया, नवं घर आन दूध न्हाय उतू घातलं?" मला पत्ता नाही. घरून पातेलीत दूध आणलं, ओट्यावरची विजेची शेगडी लावली. "ये बाई लवकर वर," म्हणत बटण वाढवत वाढवत पार शेवटाला नेलं. दूध वर आलं, उतू गेलं, आणि खट्ट! पंखा बंद, शेगडी बंद, मशीन बंद. मशीननं कर्कश शिटी घातली.

मी आत धावले. आईचे ओठ काळवंडत चाललेले. सिलिंडरची चावी माझ्यानं फिरेना. शेवटी जावयांनी फिरवली, नळी बदलली, आणि आईच्या छातीत हवा शिरलेली दिसली तेव्हा मला कंठ फुटला. "काकी, जीव घ्यायला आली होतीस का तिचा?" ती बिचारी भांडं हातात धरून रडायला लागली. शेगडीचं ओझं जास्त झालं म्हणून बॅटरीनं स्वतःच हात आखडता घेतला होता, बिघाड काही नव्हता. पण मी ऐकतेय कशाला! नरसिंगपूर रद्द, ही गाडी विकून टाका, मला काही नको, असं सगळं बोलून टाकलं. आईनं बोट वर केलं. धाप टाकत काकीला विचारते काय, "दूध... उतू गेलं का न्हाय?"

"गेलं की, वैनी. पार खाली सांडलं."

"मग झालं घर. आन तू गं, वरडू नगंस तिच्यावर. शेगडी काढ, आन लाव पुन्यांदा."

शेगडी काढली. पुन्हा लावलं. काकी आईचा हात धरून बसली ती उठलीच नाही. ऊन उतरलं, तुळशीपाशी दिवा लागला, मशीन आपलं चालूच, आणि बॅटरीत अजून भरपूर शिल्लक. आईनं डोळे न उघडता विचारलं, "पास का नापास?" आणि मी म्हटलं, "उद्या परत बघावं लागंल."

थाप मारली, तात्या. ह्या हट्टावरच ती दोन वर्षं तगलीय, हे मला दिसतं. संगमावर उजाडलेलं बघितलं आणि तिचं मन भरलं, मग ती कशासाठी थांबेल? बॅटरीला मी भ्यायले नाही, ह्याला भ्यायले. रात्रभर तळमळले. पण आज सकाळी तिचं तोंड बघितलं नि राहवलं नाही. जाऊन सांगितलं, पास झाली, शुक्रवारी निघू. ती एवढी हसली की खोकला लागला.

आत्ता आतून विचारतेय, "कुनाला लिवतीयास एवढं?" मी म्हटलं, तात्यांना. तिला ठाऊक आहे हे पत्र कुठं जाणार नाही. तरी म्हणाली, "मग कळीव त्यास्नी. म्हनावं, तुमी न्हेलं न्हाय, लेक न्हेतीया. चार दिस ऱ्हाऊन, उजाडताना बघून, परत घरी येनार हाय."

ह्यातलं शेवटचं, परत घरी येण्याचं, ती बोललेली नाही. ते मी लिहिलंय.