झिजलेले ब्रेक पॅड
मंगळवार, संध्याकाळ

जुन्या सेडानचे ब्रेक आज आचऱ्याच्या मेकॅनिकने नीट केले. झिजलेले पॅड माझ्या हातात ठेवून त्याने विचारलं, "मास्तर, गाडी थांबयत कशी होतास?"

खरंच, कशी? पेडल खोल जायचं, म्हणून मी लांबूनच दाबत यायचो. सवयच झाली होती. तीन महिने बायकोला, लीनाला, रोज बँकेत सोडलं तेही त्याच पेडलवर.

परतताना लीनाला घेतलं. उतारावर सवयीने पेडल जोरात दाबलं, तर गाडी जागीच थांबली. पट्टा होता म्हणून लीना आदळली नाही.

"हळू रे! मारतलस माका!"

"ब्रेक आता बरे झाले गो," मी म्हटलं.

आधी बरे नव्हते, हे मला ठाऊक होतं. ते तिला आजही सांगितलं नाही.