अण्णांच्या कथेवर काही सूचना

सोलापूर,
रविवार

प्रिय अण्णा,

तुमची कथा आदिनाथनं गेल्या आठवड्यात आणून दिली. वर चिठ्ठी होती, ‘मा. मॅडम, कथा सुधारण्यासाठी सूचना कराव्यात. आपला, हिंदुराव.’ ती वाचून मी आधी हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. सहा वर्षांनी तुमच्या हातचं अक्षर पाहिलं, आणि त्यात मी मॅडम. आदिनाथ म्हणाला, “ताई, तू कथालेखनाची कार्यशाळा घेतेस ते अण्णांना कळलंय. रिटायर झाल्यापासून लिहीत बसतात. आपली कोण लागते ते विसरून वाच म्हणावं तिला, असं म्हणालेत.” ते मला जमणार नाही. पण दर शनिवारी वाचनालयात जे इतरांना सांगते, ते तुम्हालाही सांगते.

आधी सुरुवातीचं. तुम्ही दीड पान पहाट, कोंबडा आणि गावच्या ओढ्याला दिलंय. नवे लिहिणारे सगळेच असं करतात. घरात शिरायचा धीर होत नाही म्हणून अंगणातच रेंगाळतात. गोष्ट जिथं बिघडते तिथं सुरू करावी. तुमचे रावसाहेब मुलीच्या लग्नाची पत्रिका न उघडताच फळीवर टाकतात, ते वाक्य दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडलं मला. ते सगळ्यात वर घ्या, ओढा गेला तरी चालेल. तुम्हाला हे अवघड नाही. मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतात तेव्हा माइकवर तुम्ही एक शब्द जास्त बोलला नाहीत. शाळा सुटली की मी तुमच्या केबिनमध्ये दप्तर टाकून बसायचे, आणि गाड्यांच्या मधल्या वेळात तुम्ही मला गाडी चुकलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायचात. वऱ्हाड पुढं गेलं आणि नवरदेव लघवीला गेला म्हणून मागं राहिला, ती गोष्ट मी अजून वर्गात सांगते. कुठं थांबायचं आणि कुठला शब्द गिळायचा, ते मी त्या केबिनमध्ये शिकले. कार्यशाळेत विचारतात, मॅडम, तुमचे गुरू कोण? मी दरवेळी दुसरंच काहीतरी सांगते.

संवादांचं म्हणाल, तर ते एकदा मोठ्यानं वाचून बघा. रावसाहेबांची बायको म्हणते, “आपण इतके निष्ठुर कसे झालात? आपल्या काळजाच्या तुकड्याला आशीर्वाद द्या.” अण्णा, आपल्या घरात असं कोण बोलतं? आई म्हणाली असती, “जावा की. लेक हाय तुमची, परकी न्हाय.” म्हणालीही असेल. मी तिथं नव्हते, तुम्ही होतात. कानांनी ऐकलेलं तेवढंच कागदावर उतरवा. शिवाय तुम्ही त्या बाईला चहा करायला आत पाठवता आणि मग विसरूनच जाता. ती थेट शेवटच्या पानावर नवऱ्याच्या मागून उगवते. गोष्टीत आलेल्या प्रत्येक माणसाला काहीतरी हवं असतं. तिला काय हवं होतं? डोळे दाखवायचं निमित्त करून आई माझ्याकडे यायची, ते तुम्हाला ठाऊक असेलच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. यशपालच्या आईजवळ, माझ्या सासूबाई नागूबाईंजवळ बसून दोघी बोलत राहायच्या. चारची गाडी धरायची म्हणून आई उठायची, दारात जाऊन परत बसायची. शेवटच्या खेपेला म्हणाली, “तुझा बाप वाईट न्हाय गं. त्याला फकस्त पाऊल उचलता आलं न्हाय.” तिला तुम्हाला इथं, या पलंगावर बसलेलं बघायचं होतं. एवढंच हवं होतं तिला.

आता एक अवघड सूचना. पान तीनवर लिहिलंय, ‘काही कारणाने रावसाहेबांचा या विवाहास विरोध होता.’ काही कारणाने हे शब्द कथेत चालत नाहीत. ते कारणच तर गोष्ट आहे. ते झाकलं की खालचं सगळं पोकळ वाजतं. मुलगा बौद्ध होता आणि भावकीत तुम्हाला मान खाली घालावी लागेल असं वाटलं, असं सरळ लिहा. रावसाहेब वाईट दिसतील याची भीती वाटते ना? दिसू द्या. चुकणाऱ्या माणसाच्या मागं वाचक शेवटपर्यंत चालतो. आणि जावयाला सबंध कथेत नाव नाही. ‘तो मुलगा’, ‘तो तरुण’. नाव नसलेल्या माणसाचा चेहरा वाचकाला दिसत नाही. यशपालनं कथा वाचली. मी लपवून ठेवली होती, पण वाचली. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, “अक्षर काय सुरेख आहे गं त्यांचं.” मग पानं जुळवून त्यानं होती तिथं परत ठेवली. आईच्या मातीला आम्ही दोघं आलो होतो. तुम्ही त्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत होतात, आणि तो हात जोडून उभा होता.

‘हृदय पिळवटून गेले’, ‘अश्रूंचा बांध फुटला’ ही वाक्यं मी खोडणार होते. दुःख झालं असं सांगू नये, दुःखात माणूस काय करतो ते दाखवावं, हे मी घोकून घोकून शिकवते. लाल पेन घेऊन बसले आणि पान पाचवर थांबले. तिथं तुम्ही लिहिलंय, ‘नवरी रिक्षातून उतरली. तिच्या चपलेचा पट्टा तुटला. तिने ती चप्पल हातात घेतली आणि एक पाय अनवाणी, असा तापलेला रस्ता ओलांडून ती कार्यालयाच्या पायऱ्या चढली.’

सगळ्या कथेत जिवंत असं एवढंच आहे, अण्णा. आणि ते तुम्हाला सुचलेलं नाही. त्या दिवशी नोंदणी कार्यालयासमोर माझा पट्टा खरंच तुटला होता. मे महिना होता, डांबर पायाला चिकटत होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. तिला वाईट वाटलं असतं. फोटो सगळे आत गेल्यावरचे आहेत. यशपाल आणि त्याच्या घरची मंडळी आधीच आत होती. मी एकटीच उतरले होते. समोरच्या बाजूला रसाची गाडी होती, चार माणसं उभी होती, एवढंच मला आठवतं. मी त्यांच्याकडं नीट बघितलंच नाही. सही करताना मात्र मी दाराकडं बघत होते. रजिस्ट्रारसाहेबांनी दोनदा विचारलं, कुणी यायचंय का? मी नाही म्हणाले. आणि तुम्ही रस्त्याच्या पलीकडं होतात.

तुमच्या कथेत रावसाहेब बायकोला घेऊन आत येतात, मुलगी पाया पडते, सगळे रडतात. हा शेवट पटत नाही. तुम्ही तिथून स्टँडवर गेलात आणि मंगळवेढ्याच्या गाडीनं बेगमपूरचा पूल ओलांडून घरी परतलात. खरी गोष्ट ती आहे, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला लिहिता येणार नाही.

खरं तर या सूचना कथेच्या कडेला लिहून आदिनाथजवळ परत द्यायच्या होत्या. निराळं पत्र लिहायला बसले, कारण मला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती समासात मावत नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्ही आईला सांगितलंत का, की मी जाऊन आलो, पोरीला बघून आलो? हे तिला कळलं होतं, की न कळताच ती गेली? पान पाच वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. यशपालची बदली नांदेडला झाली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही सोलापूर सोडतोय, मग तुम्हाला एवढा लांबचा प्रवास झेपायचा नाही. त्याआधी या. उत्तर लिहून पाठवू नका, समोर बसून सांगा. आणि ते ‘नाही सांगितलं’ असं असलं, तरी या.

तुमचीच,
उत्कर्षा