सतरा नंबरची खाट

३ जून, सोमवार

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तू खुशाल असशील असं धरून चालते. नसतीस तर पत्राची सुरुवातच रडगाण्याने केली असतीस. मी बरी आहे. जिना चढताना दम लागतो, पण या वयात जिन्याने माझी भीड ठेवावी अशी माझी अपेक्षा नाही. शेजारीण विचारत होती, भाचीला फोन का करत नाही? तिला काय सांगू? फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि लक्ष भलतीकडे. कागदावरचं निदान दोनदा वाचावं लागतं.

तुझी सराव परीक्षेची उत्तरपत्रिका मिळाली. पंचाहत्तरपैकी एकोणचाळीस. दोनदा आपटलेली मुलगी तिसऱ्यांदा बसते आहे, चौथ्यांदा परवाना मंडळ बसू देत नाही, आणि तू एकोणचाळीस मार्क मिळवून वर खाली हसरं तोंड काढून पाठवलंस. आमच्या कॉन्व्हेंटात मदरनी त्या तोंडाला आणि तुझ्या तोंडाला एकच पट्टी लावली असती.

आता बघ काय दिवे लावलेस ते. प्रश्न नऊ. अर्धांगाच्या पेशंटला पाणी पाजताना तू त्याला आडवं ठेवलंस. माणूस बुडवायला नदी लागत नाही, ठके, चार चमचे पुरतात. बसता करायचा, हनुवटी खाली, चमचा धड बाजूने. प्रश्न एकवीस. पोटॅशियम थेट शिरेत? याला नर्सिंग म्हणत नाहीत, याला पोलीस बोलावतात. प्रश्न तीस. श्वास मोजण्याआधी पेशंटला सांगायचं, म्हणजे तो सहकार्य करील, असं तू लिहिलंस. सांगितलं की तो श्वास सांभाळून घेणार, फोटो काढताना लोक पोट आत घेतात तसा. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. त्याला वाटत राहतं नाडीच चालू आहे, आणि आपली नजर छातीवर. पुरा एक मिनिट.

प्रश्न बेचाळीस वाचून तर मी चष्मा काढून ठेवला. तक्त्यावर चुकीचा आकडा पडला तर नर्स काय करील? तुझं उत्तर: व्हाइटनर. अगं, ती काय लग्नाची यादी आहे? चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारायची. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, तारीख, वेळ, सही. गिरवायचं नाही, खोडायचं नाही, कागद फाडायचा तर मुळीच नाही. शाळेत आम्ही आकड्यावर आकडा गिरवला की बोटांवर पट्टी बसायची. मला दोनदाच बसली. पुन्हा वेळ आली नाही.

आणि श्वास मोजत जा. सगळ्या वॉर्डांत सगळ्या आळशी मुली नाडी मोजतात आणि श्वासाच्या रकान्यात डोळे मिटून धडधाकट माणसाचे वीस लिहितात. जिवंत असो, मेलेला असो, वीस. अशाच एका वीसने तुझी आई गेली. ती गोगलगाय तुला ठाऊक आहे, मी तुझ्या लहानपणी सांगितली होती ती, माझ्या स्त्री सर्जिकल वॉर्डातली शिकाऊ. सतरा नंबरच्या खाटेपाशी उभी राहून तिने वीस लिहिलं, आणि तू चार वर्षांची असताना आई गमावलीस. तिला परवाना मिळाला नाही, मी मिळू दिला नाही. गोष्ट संपली. तू तिच्यासारखी होऊ नकोस, एवढ्यासाठी आठवण दिली.

उरलेली छत्तीस उत्तरं पुन्हा लिहून पाठव.

तुझी
मावशी


१२ जून, बुधवार

चि. ठकीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. छत्तीसपैकी एकतीस सुधारलीस, म्हणजे डोक्यात अगदीच भुसा नाही. इथे सगळं ठीक. पायांना जरा सूज आहे. अंगठ्याने दाबलं की खळगा राहतो. तू सध्या जे पाठ करते आहेस त्यात हे कुठे बसतं ते मला कळवू नकोस, मी तुझ्या जन्माआधीपासून शिकवते.

आता दुसरं. चार पानांच्या पत्रात तीन पानं त्या गोगलगायीवर! ती तुमच्याच हॉस्पिटलात आया आहे, बावीस वर्षं बेडपॅन धुते आहे, मुली तिला आक्का म्हणतात, आणि तुला श्वास मोजायला तिने शिकवलं. वा! मी वह्याच्या वह्या लिहून पाठवल्या, आणि अक्कल आली ती बेडपॅन धुणाऱ्या आक्काकडून.

तू विचारतेस, जी बाई आजही फरशी पुसता पुसता पेशंटच्या छातीकडे बघून पुरा मिनिट मोजते, ती त्या दिवशी न मोजता वीस कशी लिहील? मला काय विचारतेस? माणसं पस्तावून सुधारतात. आणि तिला गोगलगाय नाव मी उगाच ठेवलं नव्हतं. तीस खाटांचं टेंपरेचर, नाडी, श्वास घ्यायला इतर मुलींना पाऊण तास लागायचा, हिला दोन तास. मी म्हणायची, "बाई गं, पेशंट बरा होऊन घरी जाईल, तरी तुझं मोजणं चालूच." सगळा वॉर्ड हसायचा. तुझी आईसुद्धा हसली होती.

ती म्हणते तिने बत्तीस लिहिलं होतं. चौकशीतही तेच म्हणाली. रडत, नाक ओढत, एकच वाक्य: "सिस्टर, मी बत्तीस लिहिलं होतं." समितीपुढे तक्ता होता. तक्त्यावर वीस होतं. कागदापुढे रडण्याला किंमत नसते, हे मी तुला शिकवलं आहे.

तू विचारलंस, आई शेवटी काय बोलली. दहा वेळा सांगितलं आहे, ती शांत झोपली होती. पाणी मागितलं, मी ओठ ओले केले, उशी सरळ करायला लावली, पुन्हा काढायला लावली, चादर फेकली, मला म्हणाली, "ताई, तू आज माझ्याकडे बघतच नाहीस." इतकंच. सकाळी दहाची गोष्ट. मग झोपली.

प्रश्न अठ्ठावन्न तू अजून चुकतेस. ऑपरेशननंतर पेशंट तळमळतो, पाणी पाणी करतो, श्वास वाढलेला आहे, बीपी अजून ठीक आहे. आधी काय कराल? तू लिहितेस: धीर द्या. धीर देऊन रक्त थांबत नाही! आत कुठेतरी वाहतं आहे, आणि शरीर बोंबलून सांगतं आहे. बीपी सगळ्यात शेवटी पडतं, श्वास सगळ्यात आधी बोलतो. डॉक्टरला बोलवा, तत्काळ. हे लक्षात ठेव.

त्या बाईशी बोलणं बंद कर. परीक्षा एकवीसला आहे.

तुझी
मावशी


१९ जून, बुधवार

ठके,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच नाव.

रविवारी तू येऊन गेलीस. जेवलीस, भांडी घासलीस, एक शब्द त्या विषयावर काढला नाहीस. निघताना माझ्यापाशी खुर्ची ओढून बसलीस आणि माझा हात हातात घेतलास. कितीतरी वेळ. मी म्हातारी, मला वाटलं, पोरीला माया आली. डोळे भरून आले माझे, मी खिडकीकडे बघत राहिले. मग काचेत तू दिसलीस. तुझी बोटं माझ्या मनगटावर होती आणि नजर माझ्या छातीवर.

मोजत होतीस. पुरा मिनिट. मला न सांगता.

आकडा तू सांगितला नाहीस आणि मी विचारला नाही. तू गेल्यावर मीच मोजायला बसले, पण स्वतःचा श्वास मोजता येत नाही, आपण आपल्यालाच फसवतो. तिसाव्या प्रश्नाला आता पैकीच्या पैकी. शिकवलं कुणी ते सोड.

आता उत्तर घे. तू तोंडाने विचारलं नाहीस, म्हणून माझी सुटका होत नाही.

तुझ्या आईचं पिशवीचं ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी तिने दुखतं म्हणून आकांत मांडला. तिला लहानपणापासून बोटाला काटा टोचला तरी घर डोक्यावर घ्यायची सवय. मी घाबरून मोठ्या सर्जनना ऑपरेशन थिएटरमधून बोलावून आणलं. त्यांनी पोट तपासलं, सगळं ठीक होतं. मग सगळ्या वॉर्डासमोर, शिकाऊ मुलींसमोर, मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नर्स आहात की नातेवाईक? एक काय ते ठरवा, आणि दुसरीला घरी पाठवा." पोरी तोंडाला पदर नि हात लावून हसल्या. गोगलगाय तेवढी हसली नाही. याचाही मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता गोगलगाय तक्ता घेऊन आली. "सिस्टर, सतरा नंबरचा श्वास बत्तीस आहे. मी दोनदा मोजला." मी म्हटलं, "ती नाटकं करते. माझी बहीण आहे, मला माहीत आहे." ती म्हणाली, "पण सिस्टर, बत्तीस..." मी म्हटलं, "तू जा, बेडपॅन बघ."

अकराला राउंड होता. सर्जन खाटेच्या पायथ्याशी उभे राहून तक्ता वाचायचे, पेशंटच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवय नव्हती. बत्तीस दिसलं असतं तर पुन्हा तेच वाक्य ऐकावं लागलं असतं. मी पेन घेतलं. तिच्या तीनाचा दोन केला, दोनाचा शून्य. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. श्वास मोजायला पुरा मिनिट लागतो.

तुझी आई बघत होती. "ताई, तू आज माझ्याकडे बघतच नाहीस," ती तेव्हाच म्हणाली. नव्हतेच बघत. मी तक्त्याकडे बघत होते.

राउंड आला. "सतरा उत्तम," असं म्हणून गेला. दीड वाजता तिचा चेहरा चादरीसारखा झाला. पोट उघडेपर्यंत काही उरलं नव्हतं. ती शांत वगैरे काही झोपली नव्हती. ठके, ती मला शिव्या देत गेली, आणि तिला सगळ्या शिव्या येतही नव्हत्या.

त्याच संध्याकाळी मी कागद बदलला. कागद डागाळला की वॉर्ड सिस्टर नवी प्रत करते, ती पद्धतच होती. नव्या प्रतीवर वीस लिहिलं, स्वच्छ. समितीने गोगलगायीला विचारलं, मला विचारलं. तिच्याकडे अश्रू होते, माझ्याकडे तक्ता. मी म्हटलं, "मुलगी कष्टाळू आहे, पण निष्काळजी आहे." कष्टाळू हा शब्द मी मुद्दाम घातला, म्हणजे पुढचा खरा वाटावा. ती एकोणीस वर्षांची होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं असावं, बहीण गेली आहे, सिस्टरचं भान ठिकाणावर नाही.

सर्जननी विचारलं होतं, नर्स की नातेवाईक. त्या सकाळी मी दोन्ही नव्हते.

मग तुला घरी आणली. तुझ्या वेण्या घातल्या, तुला पाढे शिकवले, तापात रात्री जागले. मायेने की भीतीने, हा प्रश्न सोडवू नकोस, तो अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. आणि तू बारावीनंतर नर्सच होणार म्हणालीस तेव्हा मी तुला थोबाडीत मारली होती. तू समजलीस, मला तुझे कष्ट बघवत नाहीत म्हणून. ते तसंच समजू दिलं.

आक्कासमोर मी हात जोडणार नाही. जोडले तर ती म्हणेल, "असू दे, सिस्टर," आणि ते ऐकायची माझी ताकद नाही. पण मंडळाला सगळं लिहून पत्र आजच टाकते आहे, या पत्राबरोबरच, सही करून. तिला आता परवान्याचा उपयोग नाही हे मला कळतं. तिच्या बावीस वर्षांच्या बेडपॅनचं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही.

परीक्षा परवा आहे. हे पत्र उद्या दुपारी तुझ्या हाती पडेल. ती संपेपर्यंत मी थांबू शकले असते. थांबले नाही. तुला दुष्टपणा वाटेल, आणि तो आहेच. पण वॉर्डात तुझ्यासमोर कधी ना कधी कुणीतरी असंच एक वाक्य टाकील, सगळ्यांसमोर, आणि तेव्हा तुझा हात पेनाकडे जातो की डॉक्टरच्या फोनकडे, हे कुठल्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. पोटात हे घेऊन त्या हॉलमध्ये बसलीस आणि पंचाहत्तर प्रश्न सोडवलेस, तर तू नर्स आहेस. नाही जमलं, तर कुणाच्या आईला हात लावू नकोस.

मूळ कागद सोबत जोडला आहे. बावीस वर्षं माझ्या प्रमाणपत्रांच्या खाली होता. फाडता आला नाही. मी पट्टीच्या धाकात शिकले. दहा वाजताचा रकाना बघ. वीसच्या खाली तिचं बत्तीस अजून दिसतं, उजेडात धर. मी आज वीसवर एक सरळ रेघ मारली आहे. बाजूला बत्तीस लिहिलं आहे, तारीख, वेळ, सही. बेचाळिसावा प्रश्न. बावीस वर्षं उशिरा, पण बरोबर.

खाली मी नेहमीचा शब्द लिहिते आहे, दुसरा मला येत नाही. तुला तो नको असेल तर त्यावर रेघ मार. एकच. गिरगटून टाकू नकोस. खालचं वाचता आलं पाहिजे.

मावशी