नकाशाहून हातभर कमी

सौ. राणीसरकारांना,

मी इथं खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा दुखायचा थांबला का?

काल बंदराच्या तोंडाशी पाणी मोजलं. दोरी तीनदा सोडली. बंदर प्राधिकरणाच्या नकाशाहून तिन्ही वेळा हातभर पाणी कमी भरलं. तळाला गाळ साचलाय. प्राधिकरणाच्या साहेबांना सांगितलं, तर हसले, "मास्तर, दोरी ताणली असेल." मला कुणी शिकवलं नसेल, पण दोरी मी रोज पोलादी पट्टीला लावून तपासतो.

उद्या दहाच्या भरतीला नकाशाच्या भरवशावर भरलेलं जहाज आत येणार. वर बावीस माणसं आहेत.

"तुमचं मेलं कधी चुकतच नाही," म्हणतेस ना? उद्या माझं चुकू दे, एवढं देवापाशी माग.

तुझाच

मास्तर