चेरीच्या फळ्या

गिरगाव,
२० एप्रिल १९६०

प्रिय कमलाकांत,

तुझं पत्र मिळालं. आपलं राज्य येतंय, दादरला तुमच्या मंडळाचं प्रदर्शन भरतंय, आणि तुला तामुरांनी मला दिलेलं चित्र हवंय. "आपल्या चाळीचं चित्र आहे ताई, दर्शनी भिंतीवर लावतो." आपल्या म्हणे! चार वर्षांत एकदा तरी बघायला मागितलंस?

समोरच्या माडीवरचे ते जपानी चित्रकार तामुरा मला अजून दिसतात. मांडी घालून चेरीचं लाकूड कोरताहेत. माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐकून हसायचे. पातळ कागदावरचं चित्र फळीवर पालथं चिकटवायचं, रेषा ठेवून बाकीचं कोरून काढायचं. दर रंगाला वेगळी फळी. मायदेशी जाताना सहा फळ्या विश्वासाने आपल्याकडे ठेवून गेले, परत येऊन छापीन म्हणाले.

त्यातली एक तू उजेडात धरलीस. खाली मोर्चा, पोलीस. वर आपल्या मजल्यावर, डाव्या टोकाच्या खोलीबाहेर पडलेला माणूस आणि दार लोटून घेणारा कोणी. "दार लावणारे हे तर डावीकडचे तात्या!" म्हणालास, वर हसलास. मग पोलीस येतील म्हणून सहाही फळ्या बंबात घातल्यास आणि त्याच पाण्याने आंघोळ करून ऑफिसला गेलास. मी राख चाळत बसले.

फळीवर सगळं उलटं असतं रे. कागदावर उमटलं की डावं उजवीकडे येतं. समोरून पाहिलं तर उजव्या टोकाची खोली आपली. "पाहिलं तेवढंच कोरलं," असं म्हणून त्यांनी जाण्याआधी छापलेली ती एकच प्रत माझ्या हातात ठेवली होती.

छप्पनचा जानेवारी. रामदास, तुझा शाळासोबती, माझ्या हातचे घावन खाऊन वाढलेला. मोर्चात पोलिसांची गोळी लागून आपल्या दाराशी आला. "कमल्या, दार उघड रे." तू उघडलंस, रक्त पाहिलंस, लोटून घेतलंस. "ताई, माझी सरकारी नोकरी जाईल." दुपारभर तो हाका मारत होता. मग थांबला.

चित्र पाठवते आहे. दर्शनी भिंतीवरच लाव. काल परळला जाऊन रामदासच्या आईला, सुंदराबाईंना, प्रदर्शनाचं आमंत्रण देऊन आले. आम्ही घरी नव्हतो, असं आपण त्यांना सांगितलं होतं. चित्रातल्या दारात कोण आहे, ते त्या विचारतील. तू बोट ठेवून सांग. तुझ्यामागे निळं पातळ दिसतं, ते कुणाचं, हे मी सांगेन.

काही झालं तरी तुझीच,
यशोदाताई